सर जेम्स औट्रम : एक निःस्पृह सेनानी

परकीय विजेत्यांचीं चरित्रें आपल्याकडे दोन प्रकारांनीं हाताळलीं गेलीं आहेत. इंग्रजी राज्य असतांना शाळांतून तीं पूज्यभावानें वाचविलीं जात. १९४७ नंतर तीं वाचण्याचेंच आपण बहुधा सोडून दिलें. पहिल्या प्रकारांत विवेक नव्हता, दुसऱ्यांत जिज्ञासा नाहीं. वास्तविक जित राष्ट्राला जेत्यांच्या चरित्रांपासून जें शिकतां येतें तें जेत्यांना स्वतःलाही शिकतां येत नाहीं. कारण त्यांचें लक्ष पराक्रमाकडे असतें आणि आपलें लक्ष त्या पराक्रमाच्या परिणामाकडे असतें. ज्या पुरुषाची हकीकत आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे, तो दुष्ट नव्हता, लोभी नव्हता, भित्रा तर नव्हताच. म्हणूनच त्याचें चरित्र विचार करण्याजोगें आहे. दुष्टाच्या हातून अन्याय घडला तर त्यांत नवल तें काय? सज्जनाच्या हातून घडला म्हणजे मात्र थांबून पहावें लागतें.

प्रथम एक प्रसंग सांगतों. १८५७ च्या सप्टेंबर महिन्यांत लखनौच्या रेसिडेन्सींत इंग्रजांची शिबंदी वेढ्यांत सांपडली होती, आणि तिच्या सुटकेसाठीं निघालेला जनरल हॅवलॉक वाटेंतून कानपुरास परत फिरला होता. अशा वेळीं सर जेम्स औट्रम नवी कुमक घेऊन कानपुरास पोहोंचला. हुद्द्यानें तो हॅवलॉकचा वरिष्ठ. सैन्याचें आधिपत्य आपोआपच त्याच्याकडे यावयाचें. परंतु १६ सप्टेंबर रोजीं त्यानें हुकूम काढून जाहीर केलें कीं, लखनौच्या मुक्ततेचा मान इतके दिवस तिच्यासाठीं झुंजणाऱ्या हॅवलॉकचाच आहे. काम फत्ते होईपर्यंत आपण त्याच्या हाताखालीं केवळ एक स्वयंसेवक शिलेदार म्हणून लढूं. आणि तो खरोखरच तसा लढला. मंगळवारच्या चकमकींत हातांत नुसती वेताची छडी घेऊन तो घोडदळाच्या आघाडीस होता असें सांगतात. २५ सप्टेंबर रोजीं लखनौच्या गल्ल्यांतून रेसिडेन्सीकडे वाट काढतांना दंडाला गोळी लागली तरी तो घोड्यावरून उतरला नाहीं. त्याच्या पथकांतील स्वयंसेवकांनीं एकमतानें त्याला ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ या सर्वोच्च शौर्यपदकासाठीं निवडलें. पण हे लोक आपल्याच सैन्यांतील, आपण त्यांचे सेनापति, तेव्हां त्यांच्या मतानें मिळणारें पदक घेण्यास आपण पात्र नाहीं, असें म्हणून त्यानें तें नाकारलें. आधिपत्य सोडणें एक वेळ सोपें. मिळत असलेलें पदक नियमासाठीं सोडणें कठीण. असा हा माणूस होता.

औट्रमचा जन्म २९ जानेवारी १८०३ रोजीं इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत झाला. बाप बेंजामिन औट्रम हा कालवे आणि रूळमार्ग बांधणारा नामांकित इंजिनियर. पण मुलगा दोन वर्षांचा असतांनाच तो वारला आणि कुटुंब हलाखींत आलें. आई मानी होती. तिनें मुलांना स्कॉटलंडांत ॲबर्डीन येथें वाढविलें. पुढें १८१९ सालीं जेम्सला कंपनीच्या मुंबई फौजेंत उमेदवारी मिळाली, आणि सोळा वर्षांचा हा किरकोळ बांध्याचा पोरगा पेशवाई बुडाल्यानंतर सुमारें वर्षभरानेंच मुंबईच्या किनाऱ्यास लागला. पुढल्या वर्षीं पुण्यास नवी पलटण उभारली गेली तिच्या ॲडज्युटंटचें काम त्याच्याकडे आलें. शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरून नुकताच कोठें काळ लोटला होता. ज्या पुण्यांतून अटकेपर्यंत फौजा गेल्या, त्याच पुण्यांत एक सतरा वर्षांचा इंग्रज मुलगा आमच्याच लोकांना कवायत शिकवूं लागला, हें चित्र डोळ्यांपुढें आणिलें म्हणजे त्या काळाची कल्पना येते.

त्याचें खरें कर्तृत्व प्रथम दिसलें तें खानदेशांत. १८१८ सालीं खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हां त्या प्रांताची दैना झालेली होती. होळकरांच्या स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ आणि पेंढाऱ्यांची लूट यांनीं गांवें ओस पडलीं होतीं. आणि जे भिल्ल पूर्वीं गांवची जागल करीत आणि त्याबद्दल हक्क घेत, ते डोंगरांत जाऊन लुटारू बनले होते. येथें आपल्या लोकांनीं आपलाही दोष पदरीं घ्यावयास हवा. पेशवाईच्या अखेरीस भिल्लांना अभय देऊन बोलावून त्यांची कत्तल केल्याच्या गोष्टी आपल्याच इतिहासांत नमूद आहेत. इंग्रजांनींही आरंभीं सैन्य पाठवून डोंगर धुंडाळले, पण त्यांत यश आलें नाहीं. जंगलांतील तापानें शिपायीच अधिक मेले. तेव्हां मुंबईचा गव्हर्नर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें भिल्लांचीच पलटण उभारण्याचें ठरविलें आणि १८२५ सालीं तें काम बावीस वर्षांच्या औट्रमवर सोंपविलें.

धरणगांव हें त्या पलटणीचें ठाणें झालें. आरंभीं औट्रमला माणसें मिळेनात. आपल्याला एकत्र करून मारण्याचाच हा डाव आहे अशी भिल्लांना धास्ती; आणि पूर्वानुभव पाहतां ती अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं. औट्रमनें कोणती युक्ति केली? तो पाहरा न ठेवतां त्यांच्या पाड्यांतून एकटा हिंडूं लागला. त्यांच्याबरोबर बसे-उठे, त्यांच्या आजाऱ्यांची विचारपूस करी आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पायीं चालून वाघ मारी. जो आपल्यापेक्षां धीट आहे आणि आपल्यावर विश्वास टाकतो त्याच्यावर विश्वास टाकावा, हा रानांतील लोकांचा साधा न्याय. हळुहळू पलटण भरत गेली व कांहीं वर्षांत तिची संख्या सहाशेंवर गेली. ज्यांच्या भयानें वाटसरू दिवसां निघत नसत तेच सरकारी खजिन्यावर पाहरा करूं लागले. पुढें १८३० सालीं डांगांतील स्वारींतही हीच पलटण त्याच्याबरोबर होती. दहा वर्षांनीं, १८३५ सालीं, तो गुजराथेंत महीकांठ्यास गेला तेव्हां खानदेश पुष्कळ शांत झाला होता.

ही कामगिरी लहान नव्हे, हें मोकळ्या मनानें कबूल करावयास हवें. पण तिची दुसरीही बाजू आहे. भिल्लांचा औट्रमवर विश्वास होता. त्या विश्वासाचें रोखें सरकारच्या नांवें लिहिलें गेलें. मनुष्य बदलून गेला, सरकार राहिलें. पुढें जंगलें राखीव झालीं, सावकारांचे हुकूमनामे डोंगरांत पोहोंचले, तेव्हां ती वसुली करावयास औट्रम तेथें नव्हता. परंतु ज्या वाटेनें ती वसुली आली, ती वाट त्यानेंच मोकळी करून दिली होती. एका सज्जनाच्या नांवानें उघडलेल्या खात्यावर पुढें कोण रकमा काढील याचा नेम नसतो. हेंच सूत्र औट्रमच्या चरित्रांत अखेरपर्यंत दिसतें.

१८३८ सालीं अफगाणिस्तानवर स्वारी निघाली. काबूलच्या गादीवरून दोस्त महंमदाला काढून शहाशुजाला बसवावयाचें, हा त्या युद्धाचा हेतु. आणि इंग्रज इतिहासकारही त्याचें समर्थन करतांना अडखळतात. औट्रम हा सर जॉन कीनच्या तैनातींत गेला. १८३९ च्या जुलैंत गझनीपाशीं त्यानें शत्रूचें निशाण हिसकावून आणिलें. पळून जाणाऱ्या दोस्त महंमदाचा बामियानपर्यंत पाठलाग केला. नोव्हेंबरांत कलात शहर पडल्यावर अफगाणाचा वेष घेऊन, अनोळखी मुलुखांतून, आठवड्याभराच्या सुमारास तो समुद्रकांठच्या सोनमियानीस जाऊन पोहोंचला. या साहसाच्या कथा इंग्रज मुलांनीं आवडीनें वाचाव्या अशाच आहेत. पण कलातचा खान मेहराबखान आपल्या राजधानीच्या बचावांत लढत पडला, हें वाक्य त्या कथांतून बहुधा ओझरतेंच येतें. आपल्या घराच्या दारांत मरणारा आणि दुसऱ्याच्या दारांतून वेषांतर करून निसटणारा, दोघेही शूरच. फक्त एकाचें चरित्र दोन खंडांत छापलें गेलें, दुसऱ्याचें लिहिलेंच गेलें नाहीं.

यानंतर औट्रमला सिंधमध्यें राजकीय अधिकारी नेमण्यांत आलें, आणि त्याच्या आयुष्यांतील पहिली खरी कसोटी तेथें लागली. सिंधचे तालपूर वंशाचे अमीर इंग्रजांशीं तहानें बांधलेले होते. अफगाण युद्धांत इंग्रजांची जी बेअब्रू झाली तिच्यानंतर गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो याला कोठें तरी विजय हवा होता, आणि १८४२ सालीं सर चार्ल्स नेपियर हा सर्वाधिकार घेऊन सिंधमध्यें उतरला. नोव्हेंबरांत सक्करच्या एका मेजवानींत याच नेपियरनें औट्रमचा गौरव करून त्याला ‘भारताचा बेयार्ड’ ही पदवी दिली. बेयार्ड म्हणजे सोळाव्या शतकाच्या आरंभींचा एक फ्रेंच सरदार. निर्भय आणि निष्कलंक अशी त्याची ख्याति होती. पण कांहीं महिन्यांतच पदवी देणारा आणि घेणारा यांच्यामध्यें कायमचें वैर उत्पन्न झालें.

वैराचें कारण एवढेंच कीं औट्रमला अमिरांवर होणारा अन्याय दिसत होता आणि तो बोलल्यावांचून राहिला नाहीं. खैरपूरचा वृद्ध मीर रुस्तम याची पगडी त्याचाच धाकटा भाऊ अली मुराद यानें कपटानें मिळविली. नेपियरनें त्या अली मुरादाचा पक्ष उचलून धरला. अमिरांवर असा तह लादण्यांत आला कीं तो स्वीकारावा तर राज्य जातें, नाकारावा तर युद्ध होतें. हैदराबादेंत वाटाघाट करण्याचें काम औट्रमवर आलें. १२ फेब्रुवारी १८४३ रोजीं अमिरांनीं शिक्के उमटविले. पण त्यांच्या बलुची सरदारांचा संताप अनावर झाला. १५ फेब्रुवारीस सुमारें आठ हजार बलुचांनीं रेसिडेन्सीवर हल्ला केला. शंभरांच्या आसपास शिपाई घेऊन औट्रम चार तास लढला आणि शेवटीं नदींतील आगबोटींवर शिस्तीनें निघून गेला. दोन दिवसांनीं मियानीची लढाई झाली, मार्चांत दब्ब्याची झाली, आणि सिंधचें राज्य खालसा झालें. ज्या अमिरांचा पक्ष औट्रम कागदावर मांडत होता त्यांच्याच लोकांवर तो गोळ्या झाडीत होता. तो म्हणेल, मी शिपाई आहें. हल्ला झाल्यावर लढणें माझें कर्तव्य. हें खरें. पण असें कर्तव्य पत्करण्याचा प्रश्न हल्ल्याच्या वेळीं उत्पन्न होत नसतो. तो त्याच्या फार आधीं होऊन गेलेला असतो.

तरीही पुढें त्यानें जें केलें तें फार थोड्यांनीं केलें असतें. सिंधच्या लुटींतून त्याच्या वांट्यास सुमारें तीन हजार पौंड आले. त्याच्यापाशीं पैसा नव्हता. घरची गरिबी तो विसरला नव्हता. तरी हें युद्ध अन्यायाचें होतें, तेव्हां त्यांतील पैसा मला नको, असें सांगून त्यानें तो सगळा धर्मादाय संस्थांना वाटून टाकला. नेपियरचा भाऊ विल्यम नेपियर यानें सिंधविजयाचा ग्रंथ लिहून औट्रमची नालस्ती केली, तेव्हां १८४६ सालीं औट्रमनेंही ग्रंथ लिहून त्याला उत्तर दिलें. हा वाद वर्षानुवर्षें चालला. अमिरांचें राज्य मात्र त्या वादानें परत आलें नाहीं. लुटीचा पैसा नाकारतां येतो. लूट नाकारतां येत नाहीं.

यानंतरचा त्याच्या आयुष्याचा भाग आपल्या महाराष्ट्राशीं निगडित आहे, आणि म्हणूनच त्याकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. १८४४ सालीं कोल्हापूर संस्थानांत गडकऱ्यांचें बंड झालें. राजा अल्पवयी होता. इंग्रजांच्या तंत्रानें चालणारा दाजी कृष्ण पंडित हा कारभारी होता. त्यानें गडांच्या वंशपरंपरागत शिबंदीच्या जमिनी मामलेदारांच्या हाताखालीं घातल्या. गडकरी म्हणजे शिवकालापासून गड संभाळणारीं घराणीं. गडाखालची जमीन हेंच त्यांचें वेतन आणि तोच त्यांचा मान. सामानगड व भुदरगड येथील लोकांनीं दरवाजे बंद केले, आणि वणवा सावंतवाडीपर्यंत पसरला. १३ ऑक्टोबर रोजीं सामानगड पडला. १ डिसेंबर रोजीं पन्हाळा पडला. सावंतवाडीकडे फोंड सावंत आणि त्याचे मुलगे लढत होते. मनोहर व मनसंतोष या दुर्गम गडांवर त्यांचा आश्रय होता. औट्रमनें त्या झाडींतून फौज नेऊन १८४५ च्या जानेवारींत ते गड घेतले, आणि बंडवाले सह्याद्रीच्या वाटा उतरून पोर्तुगीजांच्या गोव्यांत निसटले. पुढें कोल्हापूरच्या मुख्य गडांची तटबंदी इंग्रजांनीं पाडून टाकली.

सिंधच्या अमिरांसाठीं ज्यानें आपली बढती पणास लावली, त्या औट्रमला गडकऱ्यांचा न्याय दिसला नसेल काय? आमच्या मतें या प्रश्नांतच त्याच्या स्वभावाची मर्यादा आहे. अमिरांशीं इंग्रजांचा लेखी तह होता. तह मोडणें म्हणजे इंग्रजाच्या शब्दाला बट्टा लावणें, आणि तें त्याला सहन होत नसे. गडकऱ्यांशीं कोणाचा तह होता? त्यांचा हक्क रूढीचा, पिढ्यांच्या चाकरीचा. तो कोणत्याही दप्तरांत इंग्रजी सहीनें नोंदलेला नव्हता. औट्रमची न्यायबुद्धि खरी होती, पण ती इंग्रजी अब्रूच्या कुंपणाच्या आंतच चरत असे. आपल्याकडेही असे न्यायी पुरुष पुष्कळ होऊन गेले, कीं ज्यांचा न्याय स्वतःच्या जातीच्या अथवा वर्गाच्या वेशीपाशीं येऊन थांबे. तेव्हां हा दोष केवळ परकीयांचा म्हणून सोडून देतां येत नाहीं.

मे १८४५ मध्यें औट्रम साताऱ्यास रेसिडेंट झाला. तेव्हां गादीवर शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज होते. त्यांचे वडील बंधु प्रतापसिंह महाराज यांना १८३९ सालीं पदच्युत करून काशीस पाठविण्यांत आलें होतें, आणि त्यांचा वकील रंगो बापूजी गुप्ते हा विलायतेंत कंपनीच्या दाराशीं न्यायासाठीं बसून होता. १८४७ सालीं औट्रम वडोद्यास गेला; त्याच वर्षीं प्रतापसिंह महाराज काशीस वारले; १८४८ सालीं अप्पासाहेब वारले आणि सातारचें राज्यही डलहौसीनें खालसा केलें.

वडोद्याची हकीकत विशेष मौजेची आहे, कारण तिच्यामुळें आपल्या भाषेंतील एक शब्द इंग्रजी राज्यकारभाराच्या कागदांत कायमचा जाऊन बसला. तो शब्द म्हणजे ‘खटपट’. आपण मुलांना शाबासकी देतांना म्हणतों, मोठा खटपटी आहे हो! पण वडोद्याच्या दरबारीं त्या काळीं खटपट म्हणजे मुंबईच्या सरकारांत वशिला लावणें, साहेबांपर्यंत पैसा पोहोंचविण्याच्या नांवावर लांच उकळणें. मुंबईंत पैसा चारला म्हणजे रेसिडेंटाचा निकालही फिरवितां येतो, अशी गणपतराव गायकवाडांच्या दरबारांत आणि पेढ्यांवर सार्वत्रिक समजूत होती. एका सावकारी घराण्यांतील विधवा जोईताबाई हिचें प्रकरण त्यांत विशेष गाजलें. औट्रमनें रेसिडेन्सीच्या कारकुनांपासून चौकशी सुरू केली, आणि १८५१ च्या ऑक्टोबरअखेर एक लांबलचक अहवाल सरकारास सादर केला. खटपटीची ही समजूत मुंबई सरकारच्या अनास्थेमुळेंच फोफावली आहे, असा त्याचा रोख होता. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांना तो रुचला नाहीं, आणि औट्रमला वडोदें सोडावें लागलें. ज्यानें चोरी दाखविली त्यालाच घराबाहेर काढावें, हा अनुभव कोणत्याही राज्यांत नवा नाहीं. प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलें, कागदपत्रांचे जाडजूड ग्रंथ छापले गेले, आणि शेवटीं १८५४ सालीं थोड्या काळापुरती का होईना, त्याची वडोद्यास पुन्हां स्थापना करणें वरिष्ठांना भाग पडलें.

येथपर्यंत वाचणाऱ्यास असें वाटेल कीं असा मनुष्य पुढें कोणत्याही राज्याच्या खालसेंत हात घालणार नाहीं. पण १८५४ च्या डिसेंबरांत औट्रम लखनौस रेसिडेंट झाला, आणि पुढच्या मार्चांत त्यानें अयोध्येच्या राज्याविषयीं जो अहवाल पाठविला त्यांत नबाबाच्या कारभारांत सुधारणा होण्याची आशा नाहीं असेंच मत दिलें. डलहौसीला तेवढें पुरेसें होतें. अयोध्येचे नबाब इंग्रजांशीं पिढ्यान्‌पिढ्या एकनिष्ठ होते. त्यांनीं कंपनीला कर्जें दिलीं होतीं, प्रांत दिले होते. तहाचा प्रश्न सिंधपेक्षां येथें अधिकच कठीण होता. पण येथें रयत पिडलेली आहे ही भावना औट्रमच्या मनांत प्रबळ झाली. ४ फेब्रुवारी १८५६ रोजीं तो नवा तह घेऊन वाजिदअली शहाकडे गेला. नबाबानें सही करण्याचें नाकारलें. आपली पगडी उतरून औट्रमच्या हातांत दिली, आणि आतां आपल्याशीं तह तो कसला करावयाचा, अशा अर्थाचे उद्गार काढले. तीन दिवसांनीं राज्य खालसा झाल्याचा जाहीरनामा लागला आणि औट्रम त्या प्रांताचा पहिला चीफ कमिशनर झाला. पगडी उतरून हातीं देण्याचा अर्थ आपल्या देशांत कोणास सांगावा लागत नाहीं. तो औट्रमलाही कळला असला पाहिजे. इतकीं वर्षें तो या देशांत राहिला होता.

त्याच वर्षीं तो आजारी होऊन विलायतेस गेला. तेथून इराणच्या युद्धावर सेनापति म्हणून त्याची नेमणूक झाली. ८ फेब्रुवारी १८५७ रोजीं खुशाबच्या लढाईंत तो आरंभींच घोड्यावरून पडून बेशुद्ध झाला, तरी जय मिळाला. २६ मार्च रोजीं मोहमेरा घेतलें. पण पॅरिसमध्यें ४ मार्च रोजींच तह होऊन गेला होता. तहाची बातमी पोहोंचण्यापूर्वीं जीं माणसें मेलीं त्यांच्या मरणाला कोणतें नांव द्यावें? या युद्धासाठीं त्याला ‘नाइट ग्रँड क्रॉस ऑफ द बाथ’ हा किताब मिळाला. तेवढ्यांत उत्तर हिंदुस्थान पेटलें आणि त्याला तातडीनें बोलावणें आलें.

पेटलेल्या प्रांतांत अयोध्येइतका सार्वत्रिक वणवा दुसरीकडे कोठें क्वचितच होता. बंगाल फौजेंतील शिपायांपैकीं फार मोठा भाग त्याच प्रांतांतला. ज्या घरांतून ते आले त्या घरांचा राजा गेला होता, तालुकदारांच्या जमिनी नव्या बंदोबस्तानें गेल्या होत्या. म्हणजे जी आग विझवावयास औट्रम निघाला तिचें इंधन रचण्यांत त्याचाही हात होता. हॅवलॉकसाठीं आधिपत्य सोडण्याचा त्याचा थोरपणा आम्हीं आरंभीं सांगितला. पण त्या थोरपणावरही जाणत्यांनीं टीका केली आहे. वरिष्ठ मनुष्य हाताखालीं लढत असला तरी त्याचा सल्ला हुकुमासारखाच असतो. त्यामुळें आधिपत्य दुभंगलें. २५ सप्टेंबरच्या दिवशीं छत्तरमंझिलपाशीं थांबून मागचें सैन्य जमूं द्यावें असें औट्रमचें मत, तर तसेंच पुढें घुसावें असें हॅवलॉकचें. पुढें घुसले, त्या दिवसांतील लढाईंत पांचशेंहून अधिक माणसें मेलीं व जखमी झालीं. नंतर औट्रम आंतच वेढ्यांत सांपडला. नोव्हेंबरांत सर कॉलिन कँबेलनें सर्वांना बाहेर काढलें. हॅवलॉक २४ नोव्हेंबर रोजीं आजारानें वारला. मग सुमारें चार हजार लोकांनिशीं औट्रमनें आलमबाग तीन महिन्यांवर धरून ठेवली. बेगम हजरत महल आणि मौलवी अहमदुल्ला शहा यांच्या प्रचंड जमावानें पुन्हां पुन्हां हल्ले केले, पण आलमबाग पडली नाहीं. १८५८ च्या मार्चांत लखनौ पडलें.

विजयाच्या त्या घटकेसच औट्रमच्या मनाची दुसरी बाजू पुन्हां वर आली. गव्हर्नर जनरल कॅनिंग यानें अयोध्येंतील जवळजवळ सर्व जमिनी जप्त करण्याचा जाहीरनामा पाठविला. औट्रमनें हरकत घेतली. तालुकदारांवर आपल्याच बंदोबस्तांत अन्याय झाला होता. आतां त्यांची जमीनही घेतली तर ते अखेरपर्यंत लढतील, असें त्यानें कळविलें, आणि शरण येणाऱ्यांस उदारपणें वागविण्याचें एक कलम त्यानें घालून घेतलें. नशिबाची थट्टा पहा, कीं विलायतेंत या जाहीरनाम्यावर कडक ठपका ठेवणारा मंत्री कोण, तर सिंध गिळणारा तोच लॉर्ड एलेनबरो! औट्रमला बॅरोनेट हा किताब आणि सालीना एक हजार पौंडांची नेमणूक मिळाली. प्रकृति खचल्यामुळें १८६० सालीं तो स्वदेशीं गेला आणि ११ मार्च १८६३ रोजीं फ्रान्सांत पो या गांवीं वारला. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें त्याची समाधि आहे आणि तिच्यावर ‘भारताचा बेयार्ड’ हीच पदवी कोरलेली आहे. कलकत्त्यास त्याचा जो अश्वारूढ पुतळा उभारला गेला तो आज व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारांत आहे.

आतां या चरित्राचें तात्पर्य काय समजावें? कोणी म्हणतील, औट्रम ढोंगी होता. हें आम्हांस मान्य नाहीं. ढोंगी मनुष्य तीन हजार पौंड सोडीत नाहीं, मुंबई सरकारशीं वैर करीत नाहीं, पदक परत करीत नाहीं. दुसरे कोणी म्हणतील, व्यक्ति चांगली होती, राज्यपद्धति वाईट होती. हेंही आम्हांस अपुरें वाटतें. कारण पद्धति माणसांवांचून चालत नाहीं. केवळ लुटारूंच्या हातीं कोणतेंही राज्य दीर्घकाळ टिकत नाहीं. दहा नेपियरांमागें एक औट्रम असतो म्हणून लोक म्हणतात, साहेब न्यायी आहे, अर्ज केला पाहिजे, उद्यां न्याय मिळेल. खानदेशच्या भिल्लाला तसें वाटलें, सिंधच्या अमिराला वाटलें, वडोद्याच्या विधवेला वाटलें. त्या आशेवर राज्य एकेक पिढी पुढें चालत गेलें. सज्जनाच्या सज्जनपणाचें फळ ज्याच्या पदरांत पडलें त्याच्यापेक्षां ज्याच्या खजिन्यांत पडलें त्याचा लाभ मोठा झाला.

हें लिहितांना आम्ही स्वतःलाही वगळूं इच्छीत नाहीं. आमच्यासारखे शिकलेले लोक पिढ्यान्‌पिढ्या कचेऱ्यांत, शाळांत, कॉलेजांत नोकऱ्या करीत आले आहेत. लांच घेतली नाहीं, मुलांना प्रामाणिकपणें शिकविलें, हाताखालच्यांना छळलें नाहीं, कीं आपलें काम संपलें, अशी आपली समजूत असते. ती खोटी नाहीं. पण पुरीही नाहीं. आपण ज्या यंत्रांत चोख काम करतों तें यंत्र काय दळतें, हें विचारणें हाही प्रामाणिकपणाचाच भाग आहे. औट्रमनें तो प्रश्न सिंधमध्यें विचारला, वडोद्यास विचारला. सामानगडाखालीं विचारला नाहीं, आणि लखनौस विचारला तो दोन वर्षें उशिरां. त्याचा निर्भयपणा निःसंशय होता. निष्कलंक ही पदवी मात्र शत्रूच्या गोळीला छाती देऊन मिळत नसते. ती कोणाच्या बाजूनें उभें राहिलों यावरून ठरते, आणि ती ठरविण्याचा अधिकार पदवी देणाऱ्यांपेक्षां खानदेशांतील भिल्लांना, मनोहरगडावरच्या गडकऱ्यांना आणि पगडी उतरून देणाऱ्या त्या नबाबाला अधिक आहे.